शैलाताईंचा श्वास मी कसा मोजला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ज्या डॉक्टरांच्या हाताखाली हे घडलं त्यांनाही नाही. माझ्या डायरीत मात्र ते आहे. एकच ओळ, पण चार वर्षांच्या चार डायऱ्यांत. 'शै. ताई — टेस्ट पुन्हा.' दर जानेवारीला मी जुन्या डायरीत राहून गेलेल्या गोष्टी नव्या डायरीत उतरवून घेते. गॅसची नळी बदलणे, लॉकरच्या किल्लीची दुसरी प्रत, आणि ही ओळ. बाकीच्या गोष्टींवर कधी ना कधी बरोबरची खूण झाली. हिच्यावर झाली नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. भाजीची यादीसुद्धा बाजारात दुकानं ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने लिहिते. घरचे हसतात, पण प्रवासाला निघाल्यावर चार्जर कुठे आहे हे मलाच विचारतात. हे अशासाठी सांगते, की माझ्या हातून एखादी गोष्ट विसरली गेली असं तुम्हाला वाटायला नको. मी ही गोष्ट विसरले नाही. एक दिवसही नाही.

पनवेलमध्ये छातीच्या विकारांचा एक दवाखाना आहे. गेली बावीस वर्षं मी तिथे फुप्फुसांची तपासणी करते. पेशंट तिला फुंकायची टेस्ट म्हणतात. नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायची, पोटभर श्वास घ्यायचा आणि तो एका झटक्यात, सगळाच्या सगळा, जोराने बाहेर टाकायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली हा मुख्य आकडा. तो कमी आला तर श्वासनळ्या आकसल्यात असा अर्थ निघतो. तीन वेळा फुंकायचं, तिन्ही प्रयत्न एकमेकांशी जुळले पाहिजेत. जुळले की रिपोर्ट पक्का.

ही टेस्ट फुंकणाऱ्याच्या हातात असते असं लोकांना वाटतं. ती निम्मी माझ्या हातात असते. घाबरलेला माणूस अर्धवट फुंकतो, लाजणारी बाई ओठ सैल सोडते. त्यांच्याकडून नीट करून घेणं हेच माझं काम. मी सगळ्यांना सांगते — वाढदिवसाचा केक समोर आहे असं समजा, सगळ्या मेणबत्त्या एका दमात विझवायच्या. बहुतेकांना एवढं पुरतं. उरणकडची एक मासे विकणारी मावशी आली होती, तिला तेवढंही लागलं नाही. "अगो बाय, मशीन फुटली त मना नको बोलू," म्हणाली, आणि अशी फुंकली की आलेख पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकला. मी शाबासकी दिली तर म्हणते, "आमी बाजारान दिसभर वरडतो. ह्याच्यान काय हाय?"

बावीस वर्षांत किती माणसं श्वास घेताना पाहिली असतील मी? 'मोठा श्वास घ्या' म्हटलं की शंभरातले नव्वद खांदे वर उचलतात. गळ्याची हाडं ताणली जातात, पोट आत खेचलं जातं. मावशीचंही तेच झालं होतं. असा श्वास वरच्या वर भरतो आणि सोडला की भसकन रिकामा होतो. माझ्या मशीनला तेच हवं असतं.

गाणं शिकलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याचे खांदे जागचे हलत नाहीत. खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना उघडतात, छत्री अर्धी उघडावी तशा, आणि पोट पुढे येतं. श्वास आत जातो तो पटकन आणि आवाज न करता. बाहेर येतो तो मात्र त्याच्या मर्जीने. लोक म्हणतात गाणाऱ्यांची फुप्फुसं मोठी असतात. माझ्या पाहण्यात तरी तसं आलेलं नाही. हवा तेवढीच असते, फक्त ते ती एकदम सुटू देत नाहीत. वर्षानुवर्षांच्या रियाजाने शरीरच धरून ठेवायला शिकतं. मग त्यांना आठवण ठेवावी लागत नाही — आणि विसरायला सांगितलं तरी पटकन विसरता येत नाही.

हे मला कसं माहीत? दवाखान्यात कुणी शिकवलेलं नाही. हे मला शैलाताईंनी शिकवलं.

आता खरं सुरू करते.

मी चौदा वर्षांची असताना शैलाताईंच्या गाण्याच्या क्लासला जायला लागले. तळ्याजवळच्या त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे क्लास. त्या तेव्हा तिशीच्याही नव्हत्या, पण आम्हाला मोठ्या वाटायच्या. पहिले दोन महिने त्यांनी गाऊच दिलं नाही. सतरंजीवर उताणं झोपवायच्या आणि पोटावर तांदळाची पुरचुंडी ठेवायच्या. श्वासाबरोबर पुरचुंडी वर गेली पाहिजे, आणि खाली येताना इतकी हळू आली पाहिजे की बघणाऱ्याला कळू नये. नंतर निरांजन. पेटवलेलं निरांजन तोंडासमोर वीतभर अंतरावर धरायच्या आणि 'सा' लावायला सांगायच्या. ज्योत जरा वाकली तर चालेल, फडफडायला नको. आणि विझली तर त्या दिवशीचा क्लास संपला. घरी जायचं. "श्वास फुंकून टाकायचा नसतो गं," म्हणायच्या, "पुरवून वापरायचा असतो."

माझी पुरचुंडी हलायची नाही. माझे खांदेच वर जायचे. मी रोज घरी सराव केला, खरंच केला, तासाच्या खुणा वहीत केल्या. दोन वर्षांनी गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम ठरला आणि कोण काय गाणार हे सांगताना शैलाताई माझ्यापाशी थांबल्या. "अंजू, तू याद्या कर. तुझा श्वास अजून खांद्यातच आहे, पोटात उतरतच नाही बघ." सहज बोलल्या. मुली हसल्या, त्याही हसल्या. मी यादी केली. कोण कधी गाणार, तबल्याला कोण, चहा कुणाकडे. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला आणि वेळेवर संपला. सगळ्यांनी यादीचं कौतुक केलं. पुढच्या महिन्यात मी क्लास सोडला.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. हसण्यावारी गेलेल्या एका वाक्याचं कुणी पस्तीस वर्षं काय करतं? पण मी ते ठेवलं होतं. ठेवलं आहे हे मलाही माहीत नव्हतं, हेही खरं.

चार वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, त्या माझ्या खोलीत आल्या. साठीच्या झाल्या होत्या. तापानंतरचा खोकला महिनाभर हटत नव्हता. त्यात इकडे पळस्प्यापर्यंत रस्त्यांचं काम चाललेलं, सगळीकडे धूळ. डॉक्टरांनी खात्रीसाठी टेस्ट लिहून दिली होती. मला मास्कमुळे त्यांनी आधी ओळखलं नाही. फाईलवर नाव लिहिताना माझं अक्षर पाहिलं की काय कोण जाणे, एकदम म्हणाल्या, "अगं, तू अंजू ना? याद्यांची अंजू."

प्रेमाने म्हणाल्या. मी हसले.

त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं, की डिसेंबरात त्यांची बैठक आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना उभं केलं, स्वतःची अशी पूर्ण मैफल कधी केली नाही. आता विद्यार्थिनींनीच हट्टाने ठरवली आहे. अडीच तास, त्या एकट्या. "म्हणून हा खोकला आधी घालवायचाय," म्हणाल्या. "तेवढं बघ तुझ्या मशीनकडून."

मी चिमटा लावला. केक आणि मेणबत्त्यांचं वाक्य म्हटलं — एकदाच, सपाट आवाजात, पडद्याकडे बघत. त्यांनी श्वास घेतला. खांदे हलले नाहीत. साडीच्या निऱ्या किंचित पुढे आल्या. आणि मग त्यांनी तो सोडला. एक लांब, सरळ, अखंड श्वास. तंबोऱ्याच्या तारेसारखा. समोर निरांजन असतं तर ज्योत जरासुद्धा फडफडली नसती.

पडद्यावर सुळका यायला हवा होता, तिथे बसकी टेकडी आली. पहिल्या सेकंदाचा आकडा पार खाली.

मशीनने पिवळी पट्टी दाखवली. सुरुवात संथ आहे, हा प्रयत्न ठेवायचा का? दोन बटणं. ठेवा, किंवा पुन्हा.

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. हे मला सांगायचं आहे. नंतर लक्षात आलं, शंका आली, असं नाही. त्या खोलीत, कदाचित त्या अख्ख्या इमारतीत, ही गोष्ट कळू शकणारी मी एकटीच होते. त्यांच्या श्वासनळ्यांना काही झालेलं नव्हतं. त्या फुंकत नव्हत्या, त्या गात होत्या. चाळीस वर्षं शरीराला जे करू दिलं नाही ते शरीर एका सांगण्याने करेना. आणि त्यावरचा उपाय मला माहीत होता. एक वाक्य — ताई, आज निरांजन विझवायचंय. एवढं म्हटलं असतं तर त्यांनी लगेच ओळखलं असतं.

मी 'ठेवा' दाबलं.

दुसरा प्रयत्न तसाच. पट्टी, ठेवा. तिसरा तसाच. तीन प्रयत्न इतके सारखे, की एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसावी. असं जुळणं फक्त गाणाऱ्या माणसालाच जमतं, आणि नेमकं त्यामुळेच मशीनला ते खरं वाटलं. मग नियमाप्रमाणे पंपाचं औषध देऊन वीस मिनिटांनी पुन्हा तीन वेळा. फरक नाही. फरक कसा पडणार? रिपोर्टच्या खाली एक चौकट असते, पेशंटचं सहकार्य कसं होतं. मी लिहिलं — उत्तम.

बाहेर अजून अकरा माणसं बसली होती आणि मला दीड वाजता दुसरीकडे पोचायचं होतं, हे खरं आहे. पण एका जादा प्रयत्नाला मिनिटभर लागतं. ते मिनिट माझ्याकडे होतं.

का केलं? मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. त्यांना इजा व्हावी असं मनात आलं नव्हतं. मनात जे आलं ते याहून क्षुद्र होतं. एकदा तरी, एका आकड्यात तरी, शैलाताईंचा श्वास कमी भरू दे.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. त्यांनी आलेखही नीट पाहायला हवा होता असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. आलेख बघायची वेळ येऊ नये म्हणूनच ती चौकट असते, आणि तिच्यात माझं अक्षर होतं. त्यांनी दोन वेळचा पंप लिहून दिला, सध्या तासन्‌तास गाण्याचा ताण नको म्हणाले. शैलाताई शिस्तीच्या. डॉक्टर 'सध्या' म्हणाले होते, त्यांनी फक्त 'नको' ऐकलं.

जाताना त्या माझ्या खोलीच्या दारात थांबल्या. "अंजू, तू बघत होतीस ना? खरंच इतका कमी आहे गं माझा श्वास?"

मी फाईल लावत होते. वर न बघता म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही, ताई."

हा माझा गुन्हा. बटण नव्हे — हे वाक्य. बटण रागात दाबलं असेल. हे वाक्य मी शांतपणे बोलले.

दुसऱ्या दिवशी फोन करता आला असता. टेस्ट नीट झाली नव्हती, पुन्हा या. असे फोन मी आठवड्यातून दोनदा करते. कुणी कारण विचारत नाही. माझं काहीही गेलं नसतं, अगदी काहीही. मी डायरीत ओळ लिहिली, आणि ओळ लिहिली म्हणजे काम निम्मं झालं असं मला नेहमीच वाटतं. पहिल्या आठवड्यात केला नाही तो अढीमुळे. दुसऱ्या आठवड्यात केला नाही, कारण पहिल्या आठवड्यात का केला नाही हे सांगावं लागलं असतं. मग बैठक रद्द झाल्याचं कळलं. मग क्लास बंद झाला, मुली इकडेतिकडे गेल्या. मग शैलाताई मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. दर वेळी फोन करणं थोडं जास्त अवघड झालं, आणि दर जानेवारीला मी ती ओळ सुवाच्य अक्षरात पुढे लिहिली.

अजून एक आहे. त्या पंपाने आवाज बसतो. सगळ्यांचा नाही, पण काहींचा घोगरा होतो. म्हणून प्रत्येक पेशंटला मी सांगते, पंप घेतल्यावर गुळण्या करा. त्यांनाही सांगितलं होतं. जे औषध त्यांना नकोच होतं, ते नीट कसं घ्यायचं हे मी त्यांना हातवारे करून शिकवलं.

गेल्या महिन्यात त्या परत आल्या. आता पनवेललाच राहणार, घर पुन्हा लावलं आहे. जुनी फाईल घेऊन दवाखान्यात आल्या, डॉक्टरांनी टेस्ट सांगितली. सकाळी यादीत नाव वाचलं आणि मी ठरवलं, आज. निरांजनाचं वाक्य तयार ठेवलं. मनात दहादा म्हणून पाहिलं. या वेळी त्या नीट फुंकतील, आकडा वर येईल, आणि मग मी मागचं सांगेन. असा क्रमही लावला होता मी.

त्या बसल्या. "ये गं, लाव तुझा चिमटा," म्हणाल्या. आवाज खरखरीत झाला होता. मी नळी दिली. वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात त्यांनी श्वास घेतला —

खांदे वर गेले.

कानांपर्यंत. गळ्याची हाडं ताणली, पोट आत खेचलं गेलं, आणि भसकन, एका झटक्यात, सगळं बाहेर. पडद्यावर उंच, टोकदार सुळका. पट्टी नाही, प्रश्न नाही. दुसरा तसाच, तिसरा तसाच. आकडा त्यांच्या वयाला शोभेल असा, अगदी नॉर्मल. मावशीसारखा. माझ्यासारखा.

मला निरांजनाचं वाक्य म्हणावंच लागलं नाही. विझवायला आता त्यांना कुणी सांगायला नको होतं.

डॉक्टर खूश झाले. औषधाचा चांगला गुण आला म्हणाले, पंप हळूहळू बंद करू. बाहेर येऊन शैलाताईंनी माझा हात धरला. "तुझ्या हाताला यश आहे हो, अंजू." आणि मग, जरा थांबून, "गाणं नाही जमत आता. दम पुरत नाही. पण तब्येत चांगली आहे, अजून काय पाहिजे?"

तेव्हाही मी नुसती मान हलवली आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. हेही लिहून ठेवते, म्हणजे पहिल्यापासून आतापर्यंतचं सगळं एका जागी होईल.

आता पुढचं. दोन्ही आलेख मी छापून घेतले आहेत, चार वर्षांपूर्वीचा आणि गेल्या महिन्यातला. जुन्या नोंदीत मशीनने किती वेळा विचारलं आणि काय उत्तर दिलं गेलं, तेही निघतं. सहा वेळा विचारलं होतं. तो कागद वर लावला आहे. डॉक्टरांसाठी एका पानाचं पत्र लिहून सही केली आहे. ते सोमवारी सकाळी नऊ वाजता, पेशंट सुरू व्हायच्या आधी, त्यांच्या टेबलावर जाईल. नोकरीचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं.

शैलाताईंकडे चार वाजता. फोन करून वेळ ठरवली आहे. "ये की, कितीतरी वर्षांनी येतेस," म्हणाल्या. त्यांना सांगायचं ते छोटं आहे. तुमच्या श्वासाला काही झालं नव्हतं. मशीन खोटं बोललं नाही, त्याने मला विचारलं होतं. उत्तर मी दिलं, आणि मला माहीत होतं.

बसायच्या आधी सांगायचं. चपला काढल्या की उंबऱ्याच्या आत, उभ्यानेच. एकदा बसले तर त्या चहा ठेवतील, आणि चहा घेतला की मी घरी परत येईन.